पीसीओएस: आधी तारखा, मग तपासण्या, मग औषधं

मी इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पल घ्यायचं काम करते. पीसीओएसची (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, लोक पीसीओडीही म्हणतात; यात हार्मोन बिघडून पाळी लांबते आणि पुरुषी हार्मोन वाढतं) फाईल घेऊन येणाऱ्या कॉलेजच्या मुली, त्यांच्या आया, नव्यानं लग्न झालेल्या सुना रोज समोर बसतात आणि बहुतेकींचा घोळ एकाच जागी असतो, क्रम उलटा झालेला असतो. आधी कोणीतरी सोनोग्राफी करून घेतं, त्यात "गाठी" निघतात, घाबरून गोळ्या सुरू होतात, मग गोळ्या चालू असतानाच हार्मोनच्या टेस्ट होतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात बघ काही नाहीये, बंद कर ते सगळं. काही महिन्यांनी तीच मुलगी परत येते, हनुवटीवरचे केस वाढलेले, वजन वाढलेलं आणि पाळीचा पत्ता नाही.

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी किती दिवस घ्यायची ते तुमच्या डॉक्टरच सांगतील. पण डॉक्टरकडे काय घेऊन जायचं, कोणती टेस्ट कधी आणि कशी करायची, काय विचारून घ्यायचं, हे तुमच्या हातात आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

पायरी १: तारखांची वही

टेबलावर पहिला प्रश्न असतो, शेवटची पाळी कधी आली? आणि मुलगी आईकडे बघते, आई म्हणते महालक्ष्म्यांच्या वेळी आली होती बहुतेक. या "बहुतेक"वर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. एक छोटी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा, पण लिहा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्त सुरू झालं तो दिवस, नुसता डाग पडला तो नाही. आणि चक्र मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याच जणी पाळी संपल्यापासून मोजतात, मग ३४ दिवसांचं चक्र २९ चं वाटतं. किती दिवस रक्त गेलं, दिवसाला किती पॅड लागले, दुखलं का, हे पण शेजारी लिहा.

आणखी एक गोष्ट लिहायचीच, ती म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. घरात गणपती, महालक्ष्म्या, मुंज, सत्यनारायण काही असलं की मेडिकलवरून ती गोळी आणून घेतली जाते आणि नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. ती गोळी पण हार्मोनच आहे. त्या महिन्याची तारीख खरी धरायची नाही, समोर "गोळी घेतली" असं लिहून ठेवा.

आता अनियमित कशाला म्हणायचं? पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष मागेपुढे होणं साधारण आहे, त्यात आजार शोधत बसायचं नाही. एक ते तीन वर्षांमध्ये २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त अंतर असेल तर दाखवा. तीन वर्षांनंतर २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त, किंवा वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या म्हणजे अनियमित. पहिलं वर्ष झाल्यावर कधीही एखादं अंतर ९० दिवसांच्या वर गेलं तर तेवढं एकच कारण दाखवायला पुरेसं आहे. आणि १५ वर्षं पूर्ण झाली तरी पाळी आलेलीच नाही तर "आपल्याकडे उशिराच येते" म्हणून बसून राहू नका.

सावध: तीन महिने पाळी नाही आणि तुम्ही वहीत अजून तारखा भरायची वाट बघताय, असं करू नका. पाळी चुकली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट (लग्न झालेलं असो नसो, संबंध आलेला असेल तर), आणि मग सरळ डॉक्टर.

सावध: काही महिन्यांतच आवाज घोगरा होत चाललाय, चेहऱ्यावर छातीवर झपाट्यानं जाड केस येतायत, समोरचे केस पुरुषांसारखे विरळ होतायत, तर हा नेहमीचा पीसीओएस समजू नका. तो हळूहळू वाढतो. असं झपाट्यानं झालं तर वेगळं कारण शोधावं लागतं आणि ते लवकर शोधावं लागतं. तासाला एक पॅड भिजतोय असा रक्तस्राव असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पायरी २: डॉक्टरकडे जायच्या आधी पिशवीत काय

तारखांची वही. जुने सगळे रिपोर्ट, तारखेनं लावलेले, सगळ्यात जुना खाली. सध्या घेताय त्या प्रत्येक औषधाची पट्टी, नुसतं नाव नाही, पट्टीच, कारण "ती गुलाबी गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही. यात ॲसिडिटीची कॅप्सूल पण आली, केसांसाठीची गोळी पण आली, चेहऱ्याला लावायची क्रीम पण आली आणि कोणी पुडीत बांधून दिलेलं चूर्ण पण आलं. हे का, ते पुढच्या पायरीत सांगते.

घरात आई, मावशी, आत्या, बहीण यांना पाळीचा त्रास होता का, आईवडिलांना शुगर आहे का, हे विचारून जा. आजीला कोणीही विचारत नाही, विचारा, तिला सगळ्यांचं आठवतं.

आणि चेहऱ्यावरचे केस काढून जाऊ नका. थ्रेडिंग, वॅक्स करून चकाचक चेहऱ्यानं मुली जातात आणि मग डॉक्टरांना दिसतच नाही की किती आहे. लाज वाटत असेल तर काढायच्या आधी हनुवटी, ओठांच्या वर, पोट, मांड्या यांचे फोटो काढून ठेवा. मानेच्या मागे, काखेत काळी मखमली कातडी दिसत असेल तर ती पण दाखवा. बेसन, लिंबू, दगड काहीही घासून ती जात नाही, कारण तो मळ नाहीये. शरीरात इन्सुलिन जास्त फिरतंय याची ती खूण असते, आणि ती घासून फक्त कातडी सोलवटते.

पायरी ३: रक्ताच्या तपासण्या, इथेच सगळ्यात जास्त गडबड

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी काय बंद पाहिजे ते बघा. गर्भनिरोधक गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) टेस्ट करून काही अर्थ नसतो, ती गोळी तेच कमी करते. नीट मोजायचं असेल तर निदान तीन महिने गोळी बंद असावी लागते. पण म्हणून मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून, आणि मधल्या काळात मूल नको असेल तर दुसरी काळजी घेऊन. केसांनखांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाताय? बायोटिनमुळे थायरॉइड आणि बऱ्याच हार्मोनच्या टेस्ट चुकीच्या येऊ शकतात. निदान दोनतीन दिवस आधी थांबवा, डोस मोठा असेल तर किती आधी ते लॅबला फोन करून विचारा. आणि ॲसिडिटीच्या त्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा डोमपेरिडोन असतं, त्यानं प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढतं. रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन वर दिसलं की घरात रडारड, डोक्याचा एमआरआय करायची बोलणी, आणि कारण काय तर रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल. म्हणून पट्ट्या आणा म्हटलं.

दिवस कोणता? पाळी येत असेल तर हार्मोनच्या टेस्ट पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी. विशेषतः १७-ओएचपी नावाची टेस्ट सकाळी लवकरच द्यायची. तिच्यातून पीसीओएससारखाच दिसणारा दुसरा एक आजार, ॲड्रिनल ग्रंथीचा, वेगळा काढता येतो. प्रोलॅक्टिनसाठी उलट, झोपेतून उठून लगेच नको, दोनतीन तास झालेले असू द्या, आणि जिने चढून धापा टाकत आलात तर आधी थोडं शांत बसा. पाळी येतच नसेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा, कोणत्याही दिवशी चालतं. दुसऱ्या दिवसाची वाट बघत चार महिने काढणाऱ्या मुली मी बघितल्यात, ते करू नका.

कोणत्या टेस्ट? साधारणपणे टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), प्रोलॅक्टिन, टोटल टेस्टोस्टेरॉन आणि त्याबरोबर एसएचबीजी (म्हणजे त्यातलं मोकळं किती ते काढता येतं), १७-ओएचपी, शुगर, लिपिड (रक्तातली चरबी), हिमोग्लोबिन. "पीसीओडी पॅकेज" म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा एलएच, एफएसएच, फास्टिंग इन्सुलिन असतं आणि दोन तासांची शुगरच नसते. एलएच आणि एफएसएचचं प्रमाण आता निदानासाठी धरत नाहीत, आणि फास्टिंग इन्सुलिन सगळ्यांचं सरसकट करायची गरज नाही. पैसे मोजकेच असतील तर ते शुगरच्या नीट टेस्टवर घाला. काय करायचं ते पर्चीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या, पॅकेजच्या जाहिरातीवरून ठरवू नका.

शुगरची टेस्ट, नीट वाचा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पीसीओएसच्या प्रत्येकीची, वजन कितीही असो, शुगर बघायची आणि त्यासाठी सगळ्यात चांगली टेस्ट ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली जीटीटी. ती जमत नसेल तर फास्टिंग शुगर किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर). बारीक मुलीला वाटतं मला कशाला, मी कुठे जाड आहे. बारीक मुलींची पण दोन तासांची शुगर वर येते.

जीटीटी आणि जेवल्यावरची पीपी या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण, पोळी भात सगळं, मुद्दाम कमी खाऊन यायचं नाही, कारण त्यानं उलटा रिपोर्ट बिघडतो. रात्रीचं जेवण झालं की आठ ते बारा तास फक्त पाणी. आणि फक्त पाणी म्हणजे फक्त पाणी. "खाल्लं काहीच नाही, चहा घेतला फक्त, आणि एक टोस्ट" हे वाक्य मी सकाळी साडेआठला इतक्या वेळा ऐकते, आणि मग त्या बिचारीला दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. पहिलं सॅम्पल दिलं की ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास तिथेच बसायचं. खाली जाऊन भाजी आणायची नाही, स्कूटीवर घरी चक्कर मारायची नाही, चालल्यानं शुगर खाली येते आणि आकडा खोटा येतो. पुस्तक आणा, स्वेटर आणा, काही जणींना मळमळतं तेव्हा हळू श्वास घेत टेकून बसा. उलटी झाली तर लपवू नका, टेस्ट दुसऱ्या दिवशी होईल.

फास्टिंग १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत म्हणजे ठीक. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ म्हणजे शुगर उंबरठ्यावर आलीय. दोन तासांनी २०० किंवा वर, नाहीतर फास्टिंग १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह, तो सहसा परत एकदा टेस्ट करून पक्का करतात. एचबीएवनसीवर विसंबणार असाल तर हिमोग्लोबिन सोबत बघा, अंगात लोह कमी असलं की तो आकडा फसवू शकतो.

तपासून घ्या: लॅबमध्ये बसायच्या आधी स्वतःला विचारा, आज पाळीचा कितवा दिवस, गोळ्या कोणत्या चालू, शेवटचं खाणं कधी. तिन्ही गोष्टी सॅम्पल घेणाऱ्या ताईला सांगा आणि फॉर्मवर लिहायला लावा.

पायरी ४: सोनोग्राफी, आणि त्या "गाठी"

त्या गाठी नसतात. बीजांडकोशात दर महिन्याला जी छोटी बीजकोशं वाढायला लागतात, त्यातलं एक पूर्ण वाढून फुटायला पाहिजे, ते होत नाही आणि सगळी अर्धवट थांबून राहतात, ती सोनोग्राफीत काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. ती काढायला ऑपरेशन लागत नाही, ती फुटून पोटात विष होत नाही, आणि "गाठी विरघळवणारं" चूर्ण त्यांना काही करत नाही. चांगल्या मशीनवर एका बाजूला २० किंवा जास्त बीजकोशं, किंवा बीजांडकोशाचा आकार १० मिलीलिटर किंवा जास्त, असं असेल तर रिपोर्टवर पीसीओएससारखं लिहून येतं.

वयात येणाऱ्या मुलींची सोनोग्राफी पीसीओएस ठरवायला करतच नाहीत, कारण त्या वयात असे ठिपके तब्येत ठणठणीत असलेल्या मुलींमध्ये पण सर्रास दिसतात. एएमएच नावाची रक्ताची टेस्ट मोठ्या बायकांमध्ये सोनोग्राफीच्या ऐवजी चालते, मुलींमध्ये तीही नाही. इतर कारणासाठी सोनोग्राफी सांगितली आणि संबंध आलेला नसेल तर पोटावरून करायची, लघवी भरपूर साठवून. आतून करायची सोनोग्राफी अशा मुलींची करत नाहीत, कोणी म्हटलंच तर स्पष्ट सांगा.

पायरी ५: निदान कसं ठरतं

मोठ्या बायकांमध्ये तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा (अंगावर दिसणाऱ्या किंवा रक्तात), आणि सोनोग्राफी किंवा एएमएच. पहिल्या दोन असतील तर तिसरी करायची पण गरज नाही. मुलींमध्ये पहिल्या दोन्ही पाहिजेत. आणि हे सगळं थायरॉइड, प्रोलॅक्टिन, १७-ओएचपी यांचे आजार बाजूला काढल्यावर.

म्हणजे नुसत्या सोनोग्राफीत ठिपके दिसले, पाळी वेळेवर आहे, केस मुरूम नाहीत, रक्तातलं पुरुषी हार्मोनही वाढलेलं नाही, तर तुम्हाला पीसीओएस नाही. अशा किती मुलींना उगाच पेशंट करून ठेवलंय, लग्नाच्या बोलण्यांत ते लपवत फिरतायत बिचाऱ्या.

पायरी ६: आत्ता काय हवंय ते एका ओळीत ठरवा

औषध आजाराला नाही, गरजेला मिळतं. पाळी वेळेवर हवीय? केस आणि मुरुमांचा त्रास सगळ्यात जास्त आहे? शुगर वर आलीय? मूल हवंय? चारहीची औषधं वेगळी आहेत आणि काही एकमेकांच्या उलट आहेत, मूल हवं असलेलीला अंगावरचे केस कमी करायची गोळी चालत नाही. मैत्रिणीची पर्ची तुम्हाला का लागू नाही, त्याचं उत्तर हेच. डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हे बोला, कारण तिथे पाच मिनिटं मिळतात आणि बाकीचं सगळं आई बोलते.

पायरी ७: औषधं घेताना

पाळी आणायची गोळी. पाळी आली नाही तरी गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं. वर्षानुवर्षं ते झडलंच नाही तर जाड होतं आणि पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तरुणपणी तो धोका कमीच असतो पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही, म्हणून ९० दिवसांचा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या पुढे गेलं तर डॉक्टर प्रेग्नन्सी नाही ना बघून काही दिवसांची प्रोजेस्टेरॉनची गोळी देतात, ती संपल्यावर साधारण आठवडाभरात रक्तस्राव होतो. नाही झाला तर परत दाखवायचं. आणि झाला म्हणजे बीज तयार व्हायला लागलं असं नाही, अस्तर झडलं इतकंच.

गर्भनिरोधक गोळी. "लग्न झालं नाही आणि ही गोळी?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक आईच्या चेहऱ्यावर असतो. मावशी, ही गोळी इथे अस्तर सांभाळायला आणि पुरुषी हार्मोन खाली आणायला देतात. ती घेऊन पुढे मूल होत नाही हे खरं नाही. पण ती सगळ्यांना चालत नाही. आधी बीपी मोजा. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकतं अशी अर्धशिशी, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी पूर्वी झालेली, घरात कोणाला लहान वयात झालेली, बीपी वाढलेलं, तंबाखू सिगरेट, हे सगळं न विचारता सांगा. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आणि सायप्रोटेरोन असलेली गोळी सरसकट पहिली म्हणून देऊ नये असं आताच्या सूचना म्हणतात, गुठळीचा धोका जास्त म्हणून. तीच लिहून दिली तर कमी डोसची का नको, एवढं विचारा.

सावध: गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली दुखली, दम लागला, छातीत दुखलं, अचानक जोरात डोकं दुखलं किंवा दिसेनासं झालं तर गोळी थांबवा आणि लगेच हॉस्पिटल. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलची इमर्जन्सी चोवीस तास उघडी असते, सकाळची वाट बघू नका.

मेटफॉर्मिन. ही शुगरची गोळी आहे म्हणून मुली घाबरतात, किंवा पहिल्या दोन दिवसांत जुलाब झाले म्हणून फेकून देतात. ती हळूहळू वाढवायची असते, सहसा ५०० मिलीग्रॅमपासून, दर एकदोन आठवड्यांनी, जेवता जेवता किंवा जेवून लगेच, उपाशीपोटी कधीच नाही. तरी पोट धरत नसेल तर हळू विरघळणारी गोळी मिळते, मागा. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, तेव्हा तपासत राहा. जनऔषधी केंद्रावर ही स्वस्त मिळते.

इनोसिटॉल नावाच्या सप्लिमेंटच्या पुड्या सगळीकडे चालल्यात. नुकसान फारसं नाही, पण फायद्याचा पुरावा मर्यादित आहे. महिन्याचा तेवढा खर्च परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. ज्या पुडीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही ती मात्र घेऊच नका, कोणीही दिलेली असो.

पायरी ८: ताट, चालणं, झोप

पीसीओएसची अशी कुठलीही खास डाएट नाही जी बाकीच्यांपेक्षा चांगली ठरलीय. गहू सोडा, दूध सोडा, सगळं सोडा, असं सांगणाऱ्यांचं ऐकून मुली पंधरा दिवस काकडी खातात आणि सोळाव्या दिवशी रात्री सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत). जे वर्षभर जमेल तेच करा.

इंदुरात राहून पोहे सोडा म्हणायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. एक वाटी पोहे, त्यात मटार, शेंगदाणे, वर सेव चिमूटभर, आणि सोबत मोड आलेली उसळ नाहीतर एक अंडं. उसळ पोहे तर इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. जलेबी रोजची नको, रविवारची चालेल. दुपारी आधी कोशिंबीर आणि वरण किंवा उसळ, मग पोळी किंवा ज्वारी मक्याची भाकरी, भात शेवटी आणि थोडा. ताक घ्या, गोड लस्सी नको. दाल बाफल्याच्या (डाळ आणि तुपातले कणकेचे गोळे) दिवशी एक बाफला आणि डाळ दोन वाट्या, असं उलटं करून बघा. कोल्ड्रिंक, शिकंजी, दिवसाचे चार गोड चहा, पाकिटातले ज्यूस, साखर खरी इथून पोटात जाते आणि ती कोणी मोजत नाही.

उपवास. चतुर्थी, गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस, आणि ताटात फरियाली खिचडी, साबुदाणा वडा, बटाटा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. मोरधन (भगर), राजगिरा, दही, शेंगदाणे, पनीर यावर उपवास तितकाच पाळला जातो. मेटफॉर्मिन चालू असेल तर हरतालिकेच्या निर्जळीआधी डॉक्टरांना विचारा.

वजन जास्त असेल तर शरीराच्या पाच ते दहा टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. ७० किलोवाल्या मुलीला साडेतीन ते सात किलो. आपल्या लोकांमध्ये कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं. वजन जास्त नसेल तर वजन कमी करायच्या मागे लागू नका, व्यायाम मात्र तरीही करायचाच.

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भराभर चालणं, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतकं भरभर, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचं काम: उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. नेहरू पार्क, मेघदूत, रीजनल पार्क जवळ असेल तर उत्तम, नसेल तर गच्चीवर. रोज अर्धा तास मिळत नाही म्हणणाऱ्या वहिनींनी जेवणानंतर दहा दहा मिनिटं तीनदा चालावं, ते पण चालतं.

रात्री मोठ्यानं घोरता, सकाळी उठल्यावर पण थकवा, दिवसा पेंग येते? हे डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकायचा त्रास पीसीओएसमध्ये जास्त दिसतो आणि तो कोणी विचारत नाही.

पायरी ९: केस आणि मुरूम

औषध सुरू केल्यावर केसांत फरक दिसायला निदान सहा महिने लागतात. दोन महिन्यांत डॉक्टर बदलू नका. थ्रेडिंग, वॅक्स, रेझर यानं केस वाढत नाहीत, जाड होत नाहीत, निर्धास्त काढा. लेझर करणार असाल तर हार्मोनचं औषध सोबत चालू असेल तर जास्त टिकतं. स्पायरोनोलॅक्टोन (अंगावरचे केस कमी करायची गोळी) दिलं असेल तर त्या काळात गर्भ राहता कामा नये, म्हणून गर्भनिरोधक सोबत लागतंच.

सावध: गोरं व्हायला किंवा मुरुमांना म्हणून मेडिकलवरून ट्यूब आणता, त्यात स्टेरॉइड असतं बऱ्याचदा. ते चेहऱ्यावर लावून लावून मुरूम वाढतात, कातडी पातळ होते आणि वर केस येतात. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं नाव दिसलं तर थांबा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खूप दिवस लावली असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, त्याची पण तयारी ते करून देतात.

पायरी १०: मूल हवं असेल, किंवा नको असेल

नको असेल तर आधी ते: पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असं अजिबात नाही. बीज कधी बाहेर पडेल ते सांगता येत नाही, म्हणून काळजी घ्याच.

हवं असेल तर फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम निदान महिनाभर आधीपासून, शुगर आणि बीपी आधी बघून, चालू औषधांतलं काय बंद करायचं ते विचारून. पाळीच येत नसेल तर वर्षभर वाट बघायची गरज नाही, सरळ दाखवा. बीज तयार करायला पहिलं औषध सहसा लेट्रोझोल असतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायचं. आणि सुनेच्या सगळ्या टेस्ट करायच्या आधी मुलाची वीर्याची तपासणी करा. साधी, स्वस्त, एका दिवसाची टेस्ट आहे आणि ती टाळून टाळून सुनेची लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झालेली मी बघितलीय. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत पीसीओएस आहे सांगा, म्हणजे शुगर लवकर आणि परत २४ ते २८ आठवड्यांत तपासतील.

पायरी ११: मनाचं

उदास वाटणं, धडधड, चिडचिड, आरशात बघवत नाही, गुपचूप खूप खाणं आणि मग दोन दिवस उपाशी, हे पीसीओएसमध्ये जास्त प्रमाणात होतं आणि ते नखरे नाहीत. डॉक्टरांना शब्दांत सांगा. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास. आणि घरातल्या मोठ्यांना हात जोडून विनंती, येताजाता "जाड झालीस", "लग्न झालं की होईल ठीक" हे थांबवा. लग्नानं पीसीओएस जात नाही.

पायरी १२: पुढे काय, कधी

बीपी वर्षातून एकदा आणि गोळी सुरू करताना. शुगर दर एक ते तीन वर्षांनी, वजन, घरचा इतिहास बघून डॉक्टर ठरवतील तसं, आणि पाळी नियमित झाली तरी. लिपिड सुरुवातीला एकदा, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे. मेटफॉर्मिनवाल्यांनी बी-१२. औषध बदललं, बंद केलं, वजन बरंच वाढलं, की वहीत तारखेसकट लिहा.

शक्यतो एकाच लॅबमध्ये टेस्ट करा. बदलावी लागली तर आकडे शेजारी ठेवायच्या आधी युनिट बघा, टेस्टोस्टेरॉन एका ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर आणि दुसरीकडे नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर लिहून येतं, तेव्हा ४५ आणि ०.४५ हे एकच असतात. आणि प्रत्येक रिपोर्टवर पेननं दोन गोष्टी लिहा, पाळीचा कितवा दिवस होता आणि त्या वेळी कोणती गोळी चालू होती. लॅबचं कॉम्प्युटर ते छापत नाही.